मुलीच्या बायोडाट्यातली विशेषणं

फौजेत मी सव्वीस वर्षं क्लार्क होतो. बंदूक चालवता येत नव्हती असं नाही, पण माझा खरा दारूगोळा म्हणजे इंग्रजी विशेषणं. पलटणीतल्या प्रत्येक जवानाचा वर्षातून एकदा गोपनीय अहवाल लिहावा लागायचा. साहेब खुर्चीत मागं रेलून म्हणायचे, "हां बाबू, ये ठीक लडका है," आणि त्या चार शब्दांचा इंग्रजी परिच्छेद करायचं काम माझ्याकडं. साहेब फक्त सही करायचे. पुढं त्या सहीवर जवानाची बढती ठरायची, म्हणून एकेक विशेषण मी सोनाराच्या काट्यावर ठेवल्यासारखं तोलून वापरत असे.

आज्ञा पाळणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत किती विशेषणं आहेत, हे मला त्या टेबलावर बसून कळलं. ओबिडियंट म्हणजे सांगितलेलं करतो. विलिंग म्हणजे सांगितलेलं खुशीनं करतो, तोंड वाकडं करत नाही. ड्युटिफुल म्हणजे कुणी बघत नसतानाही करतो. अमेनेबल टू डिसिप्लिन हे जरा बेरकी प्रकरण. जवान मुळात सरळ नाही, पण दटावलं की वळणावर येतो, एवढा सगळा इतिहास त्यात मावतो. एकदा डिक्शनरीत डॉसाइल, म्हणजे गरीब, मुकाट वळणारा, हे सापडलं आणि हौसेनं मी ते एका शिपायाला लावलं. साहेबांनी खोडलं. म्हणाले, "बाबू, ये गाय-भैंस के लिए ठीक है." मी खजील झालो, पण विशेषण लक्षात ठेवलं.

आता एक गोष्ट सांगतो, जी त्या वेळी मी कुणाला सांगितली नसती. ज्या जवानाबद्दल आम्हाला काहीच माहीत नसायचं, त्याला आम्ही ओबिडियंट लिहायचो. नेमबाजीत पहिला आलेला, खेळाडू, भांडखोर, दारुडा, यांच्याबद्दल लिहायला पुष्कळ असायचं. पण वर्षभर ज्याचं नाव एकदाही साहेबांच्या कानावर गेलं नाही, त्याच्या रकान्यात काय भरणार? ओबिडियंट. साहेबही डोळे झाकून सही करायचे. अशी शेकडो माणसं मी एका विशेषणात गुंडाळून टाकली. त्याचं वाईट वगैरे कधी वाटलं नाही.

निवृत्त होऊन माण तालुक्यातल्या माझ्या गावी आलो, तर गावानं मला परत टेबलावरच बसवलं. आमच्याकडची निम्मी पुरुषमाणसं मुंबईला, उरलेली मेंढरांमागं नाहीतर फौजेत. इंग्रजी अर्ज लिहून हवा असला की माझ्या दारात. अलीकडं तर लग्नाचे बायोडाटेही इंग्रजीत करायची टूम निघाली आहे. वर गणपती मराठीत, खाली सगळं इंग्रजीत, आणि देवक तेवढं परत मराठीत. मी आवडीनं करून द्यायचो. गावातल्या पंधरावीस पोरीबाळी माझ्या विशेषणांवर सासरी गेल्या असतील. आमची ही म्हणायची, "तुमचं इंग्रजी लय चालतंय बाजारात." मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

यंदा होळीनंतर मेहुण्यानं आमच्याच मुलीसाठी स्थळ आणलं. पलूसकडचं घर, बारमाही पाण्याखालचा ऊस, मुलगा पुण्यात कंपनीत, आणि मुलाचे वडील फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मेहुणा म्हणाला, "दाजी, आजच बायोडाटा पाठवा. असली घरं थांबत न्हाईत."

मी बसलो. मुलगी सांगलीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, हॉस्टेलवर. नाव, जन्मतारीख, शिक्षण भरलं. उंचीशी अडलो. स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारलं, तर आतून उत्तर आलं. रक्तगटही आतूनच आला. आवडीनिवडीही आतूनच. मग स्वभावाचा रकाना आला आणि तिथं मात्र आत विचारायची लाज वाटली. आपल्या पोरीचा स्वभाव बायकोला काय विचारायचा?

खरं सांगायचं तर मला तो माहीत नव्हता. फौजेत असताना वर्षातून दोन महिने सुट्टी, त्यातही निम्मे दिवस घराची कामं आणि पाहुणेरावळे; कायमचा घरी आलो, तर वर्षाभरात ती हॉस्टेलवर. बाकी सगळं बापपण फोनवर. दर रविवारी मी विचारायचो, "आईचं ऐकतेस ना?" ती म्हणायची, "हो पप्पा." मग फोन तिच्या आईकडं. वीस वर्षांत मी लेकीला दुसरा प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. बरं, ती खरंच ऐकायची. कुठं तक्रार नाही, हट्ट नाही, मार्क चांगले. तिच्याबद्दल कधी काही कानावरच आलं नाही.

मी लिहिलं: ओबिडियंट, विलिंग अँड अमेनेबल टू डिसिप्लिन. लिहून झाल्यावर वाचून बघितलं आणि मला ते झकास वाटलं. मोठ्यानं वाचून दाखवलं. ही भाकरी थापत होती. म्हणाली, "म्हंजी काय?"

"म्हणजे पोरगी शब्दाबाहेर नाही."

"व्हय, त्ये हाय खरं," ती म्हणाली. तव्यावर भाकरी टाकून, पाणी फिरवून झाल्यावर मग म्हणाली, "पर तिला इचारा तरी आवं, आत्ता करायचं का म्हणून."

"विचारू की," मी म्हणालो आणि पीडीएफ पाठवून दिली.

चौथ्या दिवशी सुभेदारसाहेबांचा स्वतः फोन. आवाज असा की मी पलंगावरून उठून उभा राहिलो. ते म्हणाले, "बायोडाटा वाचला. फौजी मानसानं लिवलाय ह्ये पैल्या ओळीतच कळलं. हितं लोकं पोरीला सुंदर, सुशील, कायबाय लिवत्यात. तुमी मुद्द्याचं लिवलंय. आमाला आसलीच पोरगी पायजे." मी "थँक्यू सर" म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की सर म्हणालो. ते सुभेदार, मी हवालदार. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती मला.

पुढच्या रविवारी ते बघायला आले. मुलीला दोन दिवसांची सुट्टी काढून बोलावून घेतलं होतं. आमच्या भागातलं एप्रिल महिन्यातलं ऊन काय असतं ते इथल्यालाच माहीत. पुढच्या खोलीत छताचा पंखा पूर्ण वेगात होता तरी सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटलेले. सुभेदारसाहेब, त्यांची बायको, मुलगा, आणि मध्ये मेहुणा. मुलगा बरा वाटला, पण त्याला काही विचारलं की तो आधी वडिलांकडं बघायचा आणि मग उत्तर द्यायचा.

मुलगी पोहे घेऊन आली, नमस्कार करून समोर बसली. नाव-गाव-शिक्षण झालं. मग सुभेदारसाहेब म्हणाले, "बाळ, त्यो पंखा बंद कर जरा."

वाटलं, पोह्यांवरची कोथिंबीर उडत असेल. ती उठली, बटण बंद करून परत येऊन बसली. खोली क्षणात भट्टी झाली. मिनिटभरानं ते म्हणाले, "चालू कर." ती उठली, चालू करून आली. त्यांनी पोह्याचे दोन घास खाल्ले. "बंद कर." ती उठली. मेहुणा हातातल्या बशीकडं बघत होता. दुसऱ्यांदा चालू, तिसऱ्यांदा बंद. ती प्रत्येक वेळी त्याच चालीनं गेली, त्याच चालीनं आली, खुर्चीत बसताना पदर सारखा केला. चेहऱ्यावर काही नाही. कपाळावरून घामाची धार गालावर आली होती, ती तिनं पुसलीसुद्धा नाही.

मग सुभेदारसाहेब माझ्याकडं वळून मोठ्यानं हसले. "लिवलंय तसंच हाय. एक सबूद जास्ती न्हाई, एक कमी न्हाई."

हे काय चाललंय ते मला दुसऱ्या बटणालाच कळलं होतं. नवीन भरती झालेल्या पोरांना आम्ही असंच करायचो. ट्रंक बाहेर काढ, आत ठेव, बाहेर काढ. का म्हणून विचारतो का ते बघायचं असतं. विचारलं की मेला. त्या खोलीत माझी लेक घामानं निथळत होती आणि मी, तिचा बाप, माझ्याच घरात, गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसलो होतो. "पुरे" एवढा एक शब्द बोलायचा होता. माझी जीभ उचलली नाही. वर मी हसलो. त्यांच्या हसण्याला साथ म्हणून हसलो, याची मला आज लिहितानाही शरम वाटते.

गाडी गेली आणि आमच्या हिनं मला धरलं. "तुमी गप का बसला?"

"अगं, गंमत केली त्यांनी."

"गंमत? माज्या लेकीला कुत्र्यागत उठवलं-बसवलं, आन गंमत?"

"हळू बोल. ते सुभेदार आहेत."

"आसतील पलटनीत! ह्ये घर माजं हाय." ती रडायला लागली आणि मी तिच्यावर ओरडलो. खरं बोलणाऱ्या माणसावर ओरडण्यावाचून दुसरं काही सुचत नाही तेव्हा मी ओरडतो, ही माझी जुनी खोड आहे. मुलगी आत भांडी विसळत होती. तिला सगळं ऐकू जात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाया पडून सांगलीच्या गाडीत बसली. मी तिला काही विचारलं नाही.

त्या बाजूनं होकार आला तो अटींसकट. पंधरा दिवसांत साखरपुडा, मे महिन्यात लग्न. परीक्षा जूनमध्ये होती. "परीक्षेचं बघू म्हनं पुढं," मेहुण्यानं निरोप आणला. "नोकरी तर तिला करायचीच न्हाई." म्हणजे चार वर्षांचं शिक्षण शेवटच्या दोन महिन्यांसाठी सोडायचं. मला ते खटकलं. तरीही, आता हे लिहिताना माझं मलाच नवल वाटतं, मी टेबलावर बसलो आणि मुलीच्या वतीनं तिच्या कॉलेजला महिन्याभराच्या रजेचा अर्ज लिहिला. खाली नेहमीसारखं, युवर्स ओबिडियंटली. सहीची जागा तिच्यासाठी मोकळी ठेवली.

अर्ज घेऊन मायणी, विटा, तासगाव करत मी सांगलीला गेलो. मुलगी वॉर्डात ड्यूटीवर होती, म्हणून आधी तिच्या शिक्षिकेला भेटलो. पन्नाशीच्या बाई, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी तो बिनसहीचा अर्ज वाचला, मग चष्मा खाली घेऊन परत वाचला.

"ओबिडियंटली," त्या म्हणाल्या. "हे तिनं लिहिलंय?"

"मी लिहिलंय. का हो?"

"काही नाही. तुमची मुलगी कुणाचं ऐकत नाही हो."

वाटलं, पोरीनं काही भानगड करून ठेवली. बाईंनी माझा चेहरा बघितला असावा, कारण त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पाणी दिलं. मग सांगितलं ते असं. दोन महिन्यांपूर्वी वॉर्डात एका म्हाताऱ्या बाईला इंजेक्शन द्यायला एका तरुण डॉक्टरनं माझ्या मुलीला तोंडी सांगितलं. तिनं केसपेपर बघितला. त्या औषधाची त्या बाईला ॲलर्जी असल्याची नोंद आधीच्या पानावर होती. तिनं दाखवलं. डॉक्टर घाईत होता, म्हणाला, मला शिकवू नको, सांगितलंय ते कर. ती म्हणाली, "मी देणार नाही." तो ओरडला, कॉलेजातून काढायची धमकी दिली, अख्खा वॉर्ड बघायला लागला. ती हातात ट्रे धरून म्हाताऱ्या बाईच्या पलंगापुढं उभी राहिली आणि मोठे डॉक्टर येईपर्यंत हलली नाही. मोठ्या डॉक्टरांनी पान बघितलं आणि त्या तरुणाला बाजूला घेऊन गेले.

"अशी एक मुलगी दहा वर्षांत मिळते आम्हाला," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही तिला परीक्षेच्या तोंडावर घेऊन चाललाय."

मी अर्ज परत मागून घेतला. घडी घालून खिशात ठेवला. दोन महिन्यांपूर्वी म्हणजे मी तिचा बायोडाटा लिहिला त्याच्या आधी. तिनं मला हे सांगितलं नव्हतं. सांगणार कधी? मी तर एकच प्रश्न विचारायचो.

वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात लाकडी बाक होता, तिथं ती मला भेटायला आली. पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये तिला मी पहिल्यांदाच बघत होतो. ती आमच्या घरात वावरते त्याच्यापेक्षा उंच वाटली. बायोडाट्यात पाच फूट तीन लिहिलं होतं.

"आईचा फोन आला होता. अर्ज दिला का पप्पा?" तिनं विचारलं.

"नाही. बस." ती बसली. मी म्हणालो, "डॉक्टरला नाही म्हणालीस म्हणे."

ती एकदम घाबरली. "बाईंनी सांगितलं? पप्पा, त्यात माझी चूक नव्हती, केसपेपरवर..."

"माहीत आहे. मला एवढंच सांग, इथं नाही म्हणता आलं, मग त्या दिवशी घरात पंख्याला का नाही म्हणालीस?"

तिनं थोडा विचार केला. एखाद्या परीक्षेतल्या प्रश्नाचा करतात तसा, नीट. मग म्हणाली, "इथं पेशंट होता ना पप्पा. घरी फक्त मीच होते."

आत कुणीतरी खोकत होतं. ट्रॉली ढकलत एक मावशी गेल्या. मग विचारलं, आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "तुला हे लग्न करायचंय का?"

"तुम्ही ठरवलंय ना."

"मी ठरवलंय ते राहू दे. तुझं सांग."

"तुम्ही म्हणाल तसं."

"अगं, तुझ्या मनात काय आहे?"

"तुम्ही सांगाल ते करेन पप्पा, मी कुठं नाही म्हणते?"

इथं माझा तोल गेला. मी चढ्या आवाजात म्हणालो, "तेच म्हणतोय! नाही म्हणता येतं ना तुला? येतं की नाही?"

"येतं."

"मग म्हण! माझ्या तोंडावर म्हण!"

ती उठून उभी राहिली. हात बाजूला, नजर समोर. "नाही," ती म्हणाली. "मला हे लग्न करायचं नाही."

शब्द स्वच्छ होते. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथं मोबाइल काढला आणि सुभेदारसाहेबांना लावला. म्हणालो, "साहेब, आमच्याकडून हे जमणार नाही. मुलीला परीक्षा द्यायची आहे आणि तिचा नकार आहे." मग ते म्हणाले, "नकार? आवं, मग कागदावर त्ये काय लिवलं हुतं?" मी म्हणालो, "ते मी लिहिलं होतं. तिला न विचारता लिहिलं. आणि साहेब, तुम्ही त्या दिवशी पंख्याचं जे केलं ते वाईट केलं. मी तिथंच बोलायला हवं होतं, बोललो नाही." त्यांनी मला उद्देशून एक शिवी दिली आणि फोन ठेवला. पण फार दिवसांनी, कदाचित मुलगी जन्मल्यापासून पहिल्यांदाच, मला बाप असल्यासारखं वाटत होतं.

मी हसत तिच्याकडं वळलो. वाटलं, रडेल, गळ्यात पडेल, निदान हसेल तरी. ती अजून तशीच उभी होती, जागची हललेली नव्हती. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होती.

"पप्पा," तिनं हळूच विचारलं, "मी बरोबर म्हणाले ना?"

हो म्हणालो असतो तर तिचा नकार माझाच हुकूम ठरला असता. नाही म्हणालो असतो तर तिनं तो तिथल्या तिथं परत घेतला असता, याची मला खात्री होती. मी तिचा हात धरून तिला बाकावर बसवलं आणि म्हणालो, "मला माहीत नाही गं." ती घाबरून माझ्याकडं बघत राहिली.